क्यूआर, रसीद बुक आणि सफेदपोश

2011 च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या 22 लाख होती. मुसलमान त्यात 4 टक्क्यांच्या आसपास. गडचिरोलीच्या पावणेअकरा लाखांत जेमतेम 2 टक्के. बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा, चंद्रपुरातला घुटकाळा नि रहमतनगर इथे वस्ती दाट आहे. पुढे गडचिरोलीत आलापल्ली, अहेरी, एटापल्ली, सिरोंचा इथे मशिदीभोवतीची घरं, आणि त्याहून आत एखाद्या गावात एकटाच किराणावाला किंवा पंक्चरवाला. मालेगाव-भिवंडीत जकात, म्हणजे ऐपतवान मुसलमानाने संपत्तीतून दरवर्षी गरिबांसाठी काढायचा भाग, देणारा आणि घेणारा एकाच गल्लीत सापडतो. इथे दोघांच्या मध्ये शंभर-शंभर किलोमीटर जंगल आहे. त्यामुळे जकात फोनवरून द्यावी की हातोहात, हा वाद इथे मुंबईतल्या वादापेक्षा निराळा होतो.

वाद घालणारे दोघे माझ्या कल्पनेतले. मामू बल्लारपूरचे, सागवानाचे व्यापारी, आरा मशीन आता मुलाच्या हाती, स्वतः मशीद कमिटीचे खजिनदार. भाची अहेरीला बँकेत. घरात दोघं जी हिंदी बोलतात ती नागपुरी वळणाची आणि निम्मी मराठीच असते, म्हणून इथे सरळ मराठीत लिहितो.

मामू : माझी जकात मी माझ्या हाताने देतो. चाळीस वर्षं झाली. मध्ये हे अ‍ॅप काहून पाहिजे?

भाची : हाताने कुठे देता मामू? अर्धी तर मदरशाच्या सफीरला देता. बिहारहून, यूपीहून रसीद बुक घेऊन येतो, तुम्ही पावती फाडता. तो मदरसा कधी पाहिलात?

मामू : मदरसा नाही, माणूस पाहिला ना. रोजा ठेवून बल्लारशा स्टेशनला उतरतो, उन्हात पायी वस्तीत येतो. चेहऱ्यावरून कळतं, बोलण्यावरून कळतं.

भाची : बोलण्यावरून! आमच्या शाखेत ज्यांचे पैसे फोनवर लुबाडले जातात ते सगळे हेच सांगतात, ‘मॅडम, बोलायला फार चांगला होता.’ आणि वसुलीत काही सफीरांची टक्केवारी असते, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

मामू : सगळ्यांची नसते.

भाची : नसते. पण ज्याची असते त्याच्या पावतीवर ती छापलेली नसते.

सफीरची ही वारी एकदाच पूर्ण थांबली. 2020 चा रमजान 25 एप्रिलला लागला, ईद 25 मेला झाली. अख्खा महिना टाळेबंदीत गेला. मशिदी बंद, रेल्वेच्या नेहमीच्या गाड्या बंद. रसीद बुकाऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर खाते क्रमांक आणि क्यूआर येऊ लागले. यूपीआय 2016 पासून होतं, नोटाबंदीने ते पानटपरीपर्यंत नेलं, पण जकातीत ते शिरलं टाळेबंदीमुळे. लोकांना पटलं म्हणून शिरलं असं नाही. दुसरा रस्ता उरला नव्हता. एकदा वापरलेली सोय मग सुटत नाही.

मामू : हिशोबासाठी म्हणशील तर अ‍ॅप ठीक. पण हिशोबात आहे काय? माल, रोकड, येणी. त्यातून देणी वजा. चाळिसावा भाग काढा. मशीनवर नाही, आवारात पडलेल्या लाकडावर आहे, तेही आजच्या विक्रीच्या भावाने. मला पाठ आहे.

भाची : व्यापाराचं पाठ आहे. सोन्याचं सांगा. निसाब किती, म्हणजे किती सोन्यापासून जकात लागते?

मामू : साडेसात तोळे.

भाची : म्हणजे किती ग्रॅम?

मामू : पंच्याहत्तर.

भाची : इथेच चुकतं. सराफाचा आजचा तोळा 10 ग्रॅमचा. किताबातला तोळा जुना, 11.66 ग्रॅमचा. साडेसात तोळे म्हणजे 87.48 ग्रॅम. चांदीचे साडेबावन्न तोळे म्हणजे 612 ग्रॅम.

मामू : मग माझ्या चुकीने गरिबाचं काय नुकसान झालं? कमी सोन्यावरही जकात निघाली.

भाची : तिकडे नाही झालं, इकडे झालं. शेजारच्या खालाला तुम्ही सांगितलंत, पाचच तोळे आहेत, तुझ्यावर जकात नाही. नुसतं सोनं असतं तर बरोबर होतं. पण तिच्या खात्यात लाडकी बहीणचे साठलेले चार-पाच हजार आहेत. हनफी मसल्यात सोन्याला रोकड जोडली की दोन्हींची मिळून किंमत करायची आणि ती चांदीच्या निसाबाशी ताडायची. चांदी किलोला लाख रुपये धरा, आता भाव त्याच्याही पुढे गेलाय, तरी निसाब 61 हजारांवर येतो. खालाचं सोनंच, ग्रॅमला 10 हजार धरले तर, पाच लाखांचं. तिच्यावर जकात आहे. साडेबारा हजार.

मामू : ती बिचारी साडेबारा हजार आणेल कुठून? नवऱ्यालाच द्यावे लागतील.

भाची : नवऱ्याला मागायचे म्हणजे पाच तोळे कुठून आले, माहेरच्या कोणत्या भावाने दिले, सगळा पंचनामा. तिला विचारलं तर म्हणाली, दरमहा हजार-हजार आगाऊ देत गेले तर? देता येते ना जकात आगाऊ? येते. मी तिच्या फोनवर यूपीआय सुरू करून दिलं. आता ती स्वतः देते, कोणाला ते मलाही सांगत नाही.

या मुद्द्यावर मामू गप्प बसतील असं मला वाटतं, आणि बसावंही. डिजिटल जकातीवर बोलताना सगळे ‘तरुण पिढी, तरुण पिढी’ म्हणतात. मला मोठा बदल बाईच्या हातातल्या फोनमध्ये दिसतो. दागिना तिचा, म्हणून जकातही तिचीच जबाबदारी, हे शास्त्रात आधीपासून आहे. पण पैसे घेऊन घराबाहेर जायचं, मशिदीत नाहीतर सफीरकडे पोचवायचे, हे काम पुरुषाचं. त्यामुळे हिशोबही पुरुषाचा आणि देणंही पुरुषाच्या नावावर.

मामू : बरं, हे दिलं तुला. पण एक सांग. कुरआनात आहे की सदका उघड दिलात तर चांगलंच, पण गुपचूप गरिबाला दिलात तर त्याहून चांगलं. तुझ्या फोनमध्ये गुपचूप काय राहतं? मशिदीच्या दारात तो डबा बसवा म्हणत होते कमिटीतले पोरं. पैसे आले की ओरडतो, ‘पाचशे रुपये प्राप्त हुए.’ जुम्म्याला रांग लागलेली, पुढच्याचे पाच हजार, मागच्याचे वीस. वीसवाल्याने काय करावं?

भाची : डब्याचा आवाज बंद करता येतो.

मामू : आणि घेणाऱ्याचा? तू त्या विधवेला पैसे पाठवलेस, रिमार्कमध्ये लिहिलंस ‘जकात’. तिचा फोन बघतो तिचा पोरगा. चौदा वर्षांचा. त्याला कळलं, आपलं घर जकातीवर चालतं.

भाची : लिहायचंच नाही. जकात देताना नियत देणाऱ्याच्या मनात असली की झालं, घेणाऱ्याला ही जकात आहे असं सांगायची अटच नाही. रिमार्क रिकामा ठेवायचा. नाहीतर लिहा, ईदी. पण संस्थेला पाठवताना उलट. तिथे ‘जकात’ लिहिलंच पाहिजे, नाहीतर मशिदीच्या रंगरंगोटीत जाईल.

इथे वाचकासाठी थोडं थांबतो. जकात कोणाला द्यायची ते कुरआनाने आठ गटांत सांगितलंय: फकीर, मिस्कीन, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला प्रवासी वगैरे. मशिदीचं बांधकाम, इमामाचा पगार त्यात बसत नाही असं बहुतेक उलेमांचं मत. हनफी फिकहमध्ये (धर्मशास्त्रात) तर पैसा गरिबाच्या मालकीचा झाला पाहिजे, ज्याला तमलीक म्हणतात. ईदच्या दानाला, म्हणजे फितऱ्याला, वेळेचीही अट आहे, तो ईदच्या नमाजाआधी पोचायला हवा. बाकीच्या मदतीसाठी सदका आणि लिल्लाह ही ऐच्छिक दानं आहेत. पुरात कोणाच्याही घरात पाणी शिरलं, गोंडाच्या असो की मुसलमानाच्या, हा पैसा सगळ्यांना चालतो. जकात मात्र बहुतेक फिकहांत मुसलमान गरिबाचीच. मशिदीतल्या एका पेटीत हे सगळं मिसळतं. भिंतीवर एकच क्यूआर चिकटवला की तेच मिसळणं फोनवर होतं. चांगल्या अ‍ॅपमध्ये जकात, सदका, लिल्लाह, फितरा अशी वेगळी बटणं असतात. जुन्या वळणाचे लोकही ती बघून सैलावतात, कारण ती बटणं फिकहच्या भाषेत बोलतात.

मामू : बटणं चांगली आहेत. पण बटण दाबल्यावर पैसा कुठे बसतो? साइटच्या खात्यात. तिथून संस्थेच्या. मग कधीतरी गरिबाच्या. तोवर माझी जकात निघाली की लटकली?

भाची : लटकली. साइट तुमची वकील, म्हणजे तुमच्या वतीने पोचवणारी. तुम्ही मला पाकीट दिलंत आणि मी ते अहेरीला नेऊन कपाटात ठेवलं तर जशी लटकेल, तशीच.

मामू : आणि त्यातून कमिशन कापलं तर?

भाची : ते वेगळं द्यायचं. काही साइटवर देणगीखाली ‘टिप’ असते, आधीच टिक केलेली. ती काढता येते. सरळ गरिबाच्या खात्यात यूपीआय केलं तर कापाकापी नाही. शंभर पाठवले, शंभर पोचले.

मामू : सरळच द्यायचे तर मग मीच देतो ना, नोटा!

भाची : 2024 चा रमजान आठवा. 12 मार्चला पहिला रोजा. 16 ला आचारसंहिता लागली. 11 एप्रिलला ईद आणि 19 ला आपलं मतदान. चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर, दोन्ही पहिल्या टप्प्यात. म्हणजे जवळजवळ अख्खा रमजान नाकाबंदीत. 50 हजारांवर रोकड सापडली की कागद दाखवा. जकातीचा कागद कोण देणार, गरीब?

मामू : त्या वर्षी मी एटापल्लीला गेलोच नाही.

भाची : तेच म्हणते मी. आणि आचारसंहिता नसली तरी गडचिरोलीत रोकड घेऊन फिरणं कधी सोपं होतं? तेंदूच्या हंगामात ठेकेदाराच्या गाडीत नोटा सापडल्या की पहिला प्रश्न, जंगलात कोणाला देणार होतास?

मामू : आणि खात्यातून गेलेल्या पैशाला प्रश्न नाहीत? 28 सप्टेंबर 2022 ला पीएफआयवर, पॉप्युलर फ्रंटवर बंदी आली. बरोबर आणखी आठ संस्था, त्यात रिहॅब इंडिया फाउंडेशनसारखी समाजसेवेच्या नावाने चालणारी. त्या रात्री मोहल्ल्यामोहल्ल्यात लोकांनी फोन उघडून जुनी पेमेंटं चाळली असतील. नोट दिली की तिथेच संपलं. ऑनलाइन दिलेली जकात दहा वर्षांनी दारात येऊ शकते.

भाची : म्हणून संस्था नीट बघून द्यायची. पॅन, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, वर्षाचं ऑडिट...

मामू : नोंदणी आज असते, उद्या त्याच संस्थेचं नाव बंदीच्या यादीत येतं. मी लाकडाचा व्यापारी. संस्थेच्या पोटात काय आहे ते मला कसं कळावं?

भाची : यावर माझ्याकडे उत्तर नाही, मामू.

उत्तर माझ्याकडेही नाही. डिजिटल जकातीवरचे पुष्कळ अभ्यास इंडोनेशिया आणि मलेशियातले आहेत. त्यांच्या प्रश्नावल्या वापरायला सोपं वाटतं का, उपयोगाचं वाटतं का, आजूबाजूचे वापरतात का, संस्थेवर भरवसा आहे का, असं विचारतात. तिथे ते पुरतं, कारण इंडोनेशियात बाझनास ही सरकारी जकात संस्था 2001 पासून आहे आणि मलेशियात राज्याराज्यांच्या धार्मिक परिषदा जकात गोळा करतात. दिलेल्या पैशाचं पुढे काही बालंट येईल ही धास्ती त्या चौकटीत बसत नाही. इथे ती सोपेपणाच्याही आधी येते. आणि सरकार मध्ये आलं की भरवसा येतोच असंही नाही. पाकिस्तानात 1980 च्या वटहुकमाने रमजानच्या पहिल्या तारखेला बँकाच बचत खात्यातून जकात कापू लागल्या. बटणसुद्धा दाबायचं काम नाही, याहून सोपी सोय कोणती! तर लोक रमजानच्या आदल्या दिवसांत पैसे काढून घरी ठेवू लागले आणि नंतर आपल्या हाताने वाटू लागले. सोयीने जकात फोनवर येते असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

मामू : माझी खरी अडचण याहूनही साधी आहे. फोनवर कोणाला जकात मिळते? ज्याचा व्हिडीओ चांगला त्याला. मुंबईच्या इस्पितळात नळ्या लावलेलं लेकरू, बाप हात जोडून. मीही एकदा दिले, खोटं का बोलू. पण हदीस काय आहे? साथी मुआझ यमनला निघाले तेव्हा पैगंबरांनी त्यांना सांगितलं, त्यांच्या धनवंतांकडून घ्या आणि त्यांच्याच गरिबांना द्या. त्यांच्याच! आपल्या पेपर मिलच्या क्वार्टरमधली पोरं पुण्याला, हैदराबादला, दुबईला गेली. त्यांची जकात फोनवर मुंबई-दिल्ली फिरते. इथला सफेदपोश गरीब बसलाय दार लावून. तो व्हिडीओ काढत नाही. मशिदीतही मागत नाही. त्याच्याकडे ईदला नवे कपडे नाहीत हे मला त्याच्या शिंप्याकडून कळतं. तुझ्या अ‍ॅपला कोण सांगणार?

भाची : तुम्ही.

मामू : म्हणजे?

भाची : ती पोरं तुम्हालाच पाठवायला तयार आहेत. मला विचारतात, मामूंचा नंबर दे. मी देत नाही.

मामू : काहून?

भाची : कमिटीचं खातं कोणाच्या नावावर आहे?

मामू : माझ्या. सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्यावर कोणाला शंका आहे का?

भाची : शंका कोणालाच नाही. पण बचत खातं तुमचं, त्यात नॉमिनी मामी. अल्लाह तुम्हाला शंभर वर्षं देवो, पण उद्या काही झालं तर बँक ते पैसे मामीच्या हातात देईल आणि तुमचे वारस हिस्सा मागतील. कमिटी शाखेत येऊन म्हणेल, ही जकात होती. बँकेला कसं कळणार? स्टेटमेंटमध्ये सागवानाची उधारी आणि जकात एकाखाली एक. शिवाय रमजानात एका वैयक्तिक खात्यात दोनशे अनोळखी लोकांचे पैसे आले, त्यातला एकही फसवणुकीच्या साखळीतला निघाला, तर सायबर पोलिसांच्या पत्रावर खातं गोठतं. ईदच्या दोन दिवस आधी गोठलं तर फितरा कशाने वाटाल?

मामू : हे तू आधी का नाही सांगितलंस?

भाची : तुम्ही अ‍ॅपवर चिडलेले होतात. मी अ‍ॅपचं म्हणतच नव्हते.

(या जागी भाचीची बाजू मला वरचढ वाटते. खजिनदार सच्चा असणं आणि खातं सुरक्षित असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडच्या मशिदी, मंदिरं, गणेश मंडळं सगळीच पहिलीवर भागवतात.)

मामू : मग करायचं काय?

भाची : ट्रस्टची नोंदणी, ट्रस्टच्या पॅनवर दोन खाती. एक जकातीचं, एक लिल्लाहचं. दोघांच्या सहीशिवाय पैसा निघणार नाही. जकातीच्या खात्याचा क्यूआर भिंतीवर लावायचा नाही, बाहेरच्या पोरांना पाठवायचा. किती आले, किती घरांत गेले, एवढंच कळवायचं. नावं नाहीत, फोटो तर अजिबात नाहीत.

मामू : फोटो नाही तर पोरं विश्वास ठेवतील?

भाची : तुमच्यावर ठेवतात. मुंबईच्या संस्थेला फोटो लागतो, कारण तिला कोणी ओळखत नाही.

मामू : आणि भामरागडकडचा तो किराणावाला, मागच्या पावसात दुकान वाहून गेलं त्याचं? त्याला यूपीआय करशील? पर्लकोटा नदी पुलावर चढली की रस्ता तुटतो, टॉवर बंद पडतो. त्याचा फोनही साधा, बटणांचा.

भाची : साध्या फोनवर 123 पे चालतं, 2022 पासून आहे. पण टॉवरच नसेल तर तेही नाही, खरं आहे. त्याला मृगाच्या आधी द्या. हातात. नोटा.

मामू : म्हणजे शेवटी नोटाच!

भाची : त्याच्यापुरत्या. नोटा तिथे मी नेईन, शाखेतून काढून, स्लिप जवळ ठेवून.

मामू : पडताळणी कोण करणार? पोरं पैसे पाठवतील, मग दहा जण म्हणतील आम्हीही गरीब. मी आता या गुडघ्यांनी घरोघर नाही फिरू शकत.

भाची : गुडघे चांगले असते तरी निम्म्या घरांत तुम्हाला जाता आलं नसतं. जिचा नवरा खाणीत दगावला, ती चार महिने दहा दिवस इद्दतमध्ये, घरातच. तिला सगळ्यात जास्त गरज त्याच दिवसांत असते. कमिटीतला कोणता पुरुष आत जाऊन विचारणार, घरात पीठ आहे का? बाहेरून हाक मारून विचारलं तर ती ‘आहे’च म्हणणार.

मामू : तुझी मामी जाते की.

भाची : मामी जाते, येऊन तुम्हाला सांगते, तुम्ही कमिटीत सांगता की मला कळलं. मामीचं नाव कमिटीत आहे का?

मामू : कमिटीत बाई? बल्लारपुरात? आधी मला कमिटीतून काढतील.

भाची : कमिटीत नको. जकातीच्या खात्यावर दुसरी सही तिची. तिने घर पाहिल्याशिवाय पैसा निघायचा नाही.

मामू : तिला स्मार्टफोन चालवता येत नाही.

भाची : सहीला स्मार्टफोन लागत नाही, मामू. आणि येत नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? खालाचा यूपीआय पिन बसवायला मी अहेरीहून नव्हते आले. मामीने बसवून दिला, मी फोनवर सांगत होते.

मामू : केव्हा?

भाची : तुम्ही तरावीहच्या नमाजाला गेला होतात तेव्हा.

मामू : ... जुम्म्यानंतर बैठक आहे. ट्रस्टचा विषय मांडतो. सहीचं मात्र तू येऊन बोल. मी बोललो तर म्हणतील, बायकोला बसवतोय.